मिठाची काच

मी बोलणारा माणूस आहे. आमच्या खाडीकाठच्या गावात हळद असो, बारसं असो, नाहीतर नुसतीच वीज गेलेली असो, जिथे चार माणसं बसतात तिथे मला बोलवावं लागत नाही. मी आधीच बसलेला असतो. माझं नाव जगन घरत. शाळा थोडी झाली, पुढचं मी स्वतःच शिकलो आणि स्वतःच स्वतःला पास केलं. उमेदीची वर्षं मिठागरात गेली. पायांच्या भेगांत मीठ शिरलं ते अजून निघालेलं नाही आणि डोक्यात मिठाचा गर्व शिरला तोही निघालेला नाही. आता मिठागरं बहुतेक बंद पडली, वाफ्यांत पाणकणीस उगवलं, पण मीठ म्हटलं की मी अजून मान ताठ करतो.

ही गोष्ट माझी नाही, माझ्या सुनेची आहे. तिचं नाव नमिता. तिनं सांगितली असती तर भात शिजायच्या आत संपली असती. मी सांगतोय, म्हणून जरा पाय पसरून बसा.

नमिता निडीची. नागोठण्याच्या पुढे, रोह्याच्या अलीकडे, डोंगराच्या कुशीतलं गाव. माहेरी भाताची शेती आणि भात कापल्यावर त्याच जमिनीत वाल. आम्ही खाडीकडची माणसं मोठ्यानं बोलतो, कारण वाऱ्यावर ओरडायची सवय. ती आतल्या गावची, हळू बोलणारी. लग्न होऊन आली तेव्हा पहिले काही दिवस मला वाटलं, पोरीला घशाचा त्रास आहे. तिची एक खोड मात्र मी तेव्हाच पाहिली. वाल वाळले की नाहीत हे आमची हौसा दाताखाली फोडून बघते. नमिता मूठभर वाल पत्र्याच्या डब्यात टाकून कानाशी हलवते, नुसती ऐकते, आणि म्हणते, "आई, अजून एक ऊन द्या." मी हसलो होतो. हौसानं फोडलेला वाल आतून ओला निघाला, तेव्हा मी दुसरीकडे बघून खाकरलो.

ती रोह्याच्या कॉलेजात रसायन शिकलेली. सकाळी कासूला गाडी पकडते, रोह्याला उतरते आणि तिथल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये जाते. माझा मुलगा निकेश डोलवीच्या पोलाद कारखान्यात शिफ्टमध्ये, त्यामुळे नवराबायको एकमेकांना बहुतेक मोबाईलवरच भेटतात. तिची कंपनी हॉटेलांतलं वापरलेलं तेल गोळा करते, वडे-भजी तळून काळं पडलेलं. त्यापासून बायोडिझेल बनवते आणि ते साध्या डिझेलमध्ये ठरलेल्या मापानं मिसळून टँकरनं पाठवते. ते मिश्रण बरोबर झालंय की नाही, त्यात बायोडिझेल किती, हे मोजायचं काम नमिताचं.

गावात मला विचारायचे, "सून काय करते रं?" सुरुवातीला मी सांगायचो, डिझेलचा एक्स-रे काढते. मग त्यात मजा वाटेना, म्हणून मी ते सुधारलं आणि सांगू लागलो, "डिझेलात किती वडे हायत ते ती नुसत्या उजेडात बघून सांगते." हे गावात फार चाललं. इतकं चाललं, की एक टेम्पोवाला डबाभर डिझेल घेऊन आमच्या दारात आला आणि म्हणाला, "वैनी, बघून द्या ना, ह्यात वडे हायत का."

त्या दिवशी नमितानं मला चुलीसमोर बसवलं. आमच्याकडे गॅस आहे, पण मागच्या पडवीत आंघोळीच्या पाण्याची चूल अजून पेटते.

"बाबा, हात पुढे करा. काय लागतं?"

"ऊब."

"दिसते का?"

"ऊब कशी दिसेल गो?"

"तसाच एक उजेड असतो, न दिसणारा. त्याला इन्फ्रारेड म्हणतात. तो आम्ही डिझेलच्या पातळ थरातून सोडतो. साधं डिझेल त्यातला एक ठरावीक तुकडा तसाच पलीकडे जाऊ देतं. बायोडिझेल नेमका तोच तुकडा गिळतं. किती गिळला ते मशीन मोजतं आणि पडद्यावर रेष काढतं. जिथे गिळलं तिथे रेष डोंगरासारखी वर चढते. डोंगर जितका उंच, तितकं बायोडिझेल जास्त."

"आणि डोंगर किती उंच म्हंजे किती, ते कुणी ठरवलं?"

"मीच. आधी माप माहीत असलेली मिश्रणं स्वतः बनवायची. थोडं बायोडिझेल, त्याहून थोडं जास्त, आणखी जास्त. प्रत्येकाचा डोंगर मोजायचा. मग अनोळखी डिझेल आलं की त्याचा डोंगर कुणाच्या शेजारी बसतो ते बघायचं."

मला पटलं. कासूहून रोह्याकडे जाताना गाडीच्या खिडकीतून डोंगरांची जी रांग दिसते, ती माझ्या सुनेच्या पडद्यावर रोज उमटते, हे मला फार आवडलं. "पण एवढं मोजायचं कशाला?" असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, बायोडिझेल मापाबाहेर गेलं तर आपल्या दमट हवेत ते पाणी धरतं, टाकीतला जुना गाळ सोडवतं आणि फिल्टर चोंदतो. घाटात गाडी बंद पडते. शिव्या पंपवाल्याला पडतात, चूक लॅबची असते.

तर श्रावणातली गोष्ट. नमिताच्या लॅबच्या प्रमुख सुरभी मॅडम. नमितानं मोजायचं आणि कागदावर सही मॅडमनी करायची, अशी पद्धत. सही असल्याशिवाय टँकर फाटकाबाहेर पडत नाही. मॅडमची दुसऱ्या कारखान्यात बदली ठरली. जाण्याआधी त्यांनी नमिताचं नाव पुढे केलं, की सहीचा हक्क हिला द्या. त्यासाठी बाहेरून तपासनीस येणार होते. ते एक नमुना आणणार, त्यात बायोडिझेल किती ते फक्त त्यांना माहीत. नमितानं मोजून सांगायचं, प्रश्नांना उत्तरं द्यायची. जमलं तर सही तिची. नाही जमलं तर बाहेरून कोणीतरी साहेब येणार आणि नमिता जन्मभर त्याच्यासाठी बाटल्या भरत राहणार. ती हे काही बोलून दाखवत नव्हती. पण त्या आठवड्यात तिनं दोनदा चहात साखर घातलीच नाही आणि तोच चहा पिऊन टाकला, यावरून मी ओळखलं.

तपासणी मंगळवारी. त्याआधीच्या शनिवार-रविवारी कंपनीची वीज दुरुस्तीसाठी बंद. शुक्रवारी संध्याकाळी नमिता घरी आली ती पदराखाली एक डबी धरून. आम्हाला वाटलं पेढे.

तिनं घट्ट झाकणाची डबी उघडली. आत पांढऱ्या खड्यांच्या पुड्या होत्या, ओल शोषून घेणाऱ्या, आणि मऊ कागदात दोन गोल चकत्या. जाड रुपयाएवढ्या, स्वच्छ, आरपार दिसणाऱ्या. एकीला दोन बारीक भोकं.

"आमच्या मशीनच्या खिडक्या," ती म्हणाली. "या दोघींच्या मधे डिझेल भरतो. लॅबमधलं कोरडं कपाट विजेवर चालतं. दोन दिवस वीज नाही, म्हणून मॅडम म्हणाल्या, घरी ने, चुलीच्या वरच्या फळीवर कोरडी ठेव."

"काचा हायत होय," मी म्हणालो.

"काच नाही, बाबा. काच तो उजेड अडवते. ह्या मिठाच्या आहेत."

मी उठून उभा राहिलो. खरंच उभा राहिलो, हौसा साक्षीला आहे.

"मिठाच्या?"

"हो. शुद्ध मीठ. मोठा खडा वाढवतात, कापतात, घासून पॉलिश करतात. मीठ त्या उजेडाला अडवत नाही."

आता तुम्ही माझ्या जागी स्वतःला ठेवा. ज्या मिठानं माझ्या बापाची पाठ वाकवली, ज्याचे ढीग आम्ही झावळ्यांनी झाकले, ते मीठ साहेबांच्या मशीनमध्ये खिडकी होऊन बसलेलं. मला वाटलं आपली जात पास झाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नमितानं लगेच डबी बंद केली.

"डोळ्यातलं पाणीसुद्धा लांब ठेवा, बाबा. ओला हात नाही, फुंकर नाही, श्वास नाही. उघडायचीच नाही."

"मना मीठ शिकवतेस?" मी म्हणालो, आणि ती हसली. मला वाटलं, विश्वासानं हसली.

रविवारी सकाळी नमिता भाजी आणायला बाहेर गेली. हौसा ओसरीवर वाल निवडत होती. तेवढ्यात दाजी आला. दाजी माझ्यासोबत मिठागरात होता. त्यानं आयुष्यात माझं एकही म्हणणं एका दमात मान्य केलेलं नाही.

"मिठाची खिडकी," मी म्हणालो.

"उगाच काय."

"मशीनला."

"तू परत वड्यांची गोष्ट चालू केलीस काय?"

आता ह्यावर माणसानं काय करावं? मी फळीवरची डबी काढली आणि उघडली. दाजीनं चकती उचलली, उजेडाकडे धरली, तिच्यातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तू ह्यातून पण तसाच दिसतोस." मग ती परत ठेवताना त्याच्या अंगठ्याचा ठसा तिच्यावर बसला. तेलकट, कारण दाजी येताना भजी खात आला होता. नमितानं डिझेलमधलं भज्यांचं तेल शोधायचं आणि तिच्या खिडकीवरच भज्यांचं तेल!

"पूस," दाजी म्हणाला.

"पुसलं तर पसरेल. धुवाया पायजे."

"पान्यात? येडा हायस? मीठ हाय ना ते?"

इथे मी हसलो. त्या हसण्याची आठवण आली की अजून कान गरम होतात. "दाजी," मी म्हणालो, "आगरातलं मीठ आपण कशात धुवायचो?"

ह्यात मी बरोबर होतो. मिठागरात ओढलेलं मीठ चिखलासकट येतं. ते आम्ही गोड्या पाण्यात कधीच धुवायचो नाही. वाफ्यातल्याच कडक खाऱ्या पाण्यात खळबळायचो. त्या पाण्याचं पोट मिठानं आधीच भरलेलं असतं. आणखी दाणा ते खाऊ शकत नाही. चिखल जातो, मीठ राहतं. ही आमची विद्या. कुठल्या कॉलेजात शिकवत असतील, मला माहीत नाही.

मी वाडग्यात पाणी घेतलं आणि मीठ टाकत गेलो, ढवळत गेलो, तळाशी मीठ विरघळायचं थांबेपर्यंत. बोट बुडवून जिभेला लावलं. कडूजहर. मग त्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकला आणि दोन्ही चकत्या, हो, दोन्ही, कारण एक धुतली तर दुसरीनं काय घोडं मारलंय, अलगद खळबळवल्या आणि बाहेर काढल्या.

दाजी वाकून बघत होता. चकती तशीच होती. एक कण गेला नव्हता. ठसा गेला होता. ती इतकी झळकत होती की मी तिच्यात माझा चेहरा शोधला.

"बघ," मी म्हणालो. त्या एका शब्दात मी किती मिजास भरली होती, ती दाजीला आजतागायत पचलेली नाही.

मी चकत्या चुलीजवळ कोरड्या कापडावर सुकायला ठेवल्या आणि दाजीला मिठाच्या जाती समजावून सांगू लागलो. थोड्या वेळानं दाजी म्हणाला, "जगन, तुझी खिडकी दव पडल्यासारखी का दिसते रं?"

आमच्या विद्येत एक गोष्ट राहून गेली होती. आगरातलं मीठ धुतल्यावर कोणी त्यातून आरपार बघत नाही. खारं पाणी सुकलं की मागे मीठच ठेवतं. चकत्यांवर पांढरा खार फुलला होता, पावसाळ्यात जुन्या भिंतीवर फुलतो तसा. मी तो सुक्या पंचानं पुसला. ओरखडे आले. मग घाबरून पंचाचा कोपरा जरासा ओला केला, एवढासाच, आणि पुसला. चकत्या जिभेवर चघळून काढलेल्या बत्ताशांसारख्या झाल्या.

"मी काय बोललोच नाय," दाजी म्हणाला आणि चपला घालून निघून गेला.

मी काही ठरवायच्या आत हौसानं सगळं पाहिलं होतं. नमिता बांधावरून पिशवी घेऊन येताना दिसली तशी हौसा अंगणातूनच ओरडली, "नमिता गो, तुझ्या सासऱ्यानं खिडकी धुतली!" खाडीपलीकडच्या गावालाही ते कळलं असेल.

नमिता आत आली. पिशवी खाली ठेवली. चकत्या चिमट्यानं उचलून दाराच्या उजेडात धरल्या. मग म्हणाली, "बाबा, काय काय केलंत ते सांगा. जसं झालं तसं. सजवू नका."

मी सांगितलं. आयुष्यात इतकं कोरडं मी कधीच काही सांगितलेलं नाही.

"नवीन मागवू या?" हौसा म्हणाली.

"मुंबईहून यायला आठवडा जाईल. परवा तपासणी आहे." ती पाटावर बसली. मग तिनं सुरभी मॅडमना फोन लावला. पलीकडून आधी काहीच ऐकू आलं नाही, मग बराच वेळ खूप ऐकू आलं. फोन ठेवून नमिता म्हणाली, "घासून परत पॉलिश करायचं. चकत्या जाड आहेत, जमेल. शेवटचा हात उद्या लॅबमध्ये अल्कोहोल घालून. पण वरचा खराब थर आज इथेच सुका काढायला हवा. उद्याचा दिवस मला नव्यानं डोंगर मोजायला लागेल. घासायला सगळ्यात बारीक पॉलिश पेपर पाहिजे."

"पेण," मी म्हणालो.

पेणला गणपतीचे कारखाने त्या दिवसांत रात्रंदिवस चालू असतात. मी एसटी पकडली आणि आमच्या ओळखीच्या नाथाच्या कारखान्यात गेलो. नाथा मूर्तींच्या रांगांमध्ये बसून एका गणपतीचा गाल घासत होता. "सगळ्यात बारीक कागद दे," मी म्हणालो. "कशाला?" तो म्हणाला. आता इथे मी गप्प राहायला हवं होतं. मी मिठागरापासून सुरुवात केली. रंगवणाऱ्या बायकांनी ब्रश खाली ठेवले. मी खाऱ्या पाण्यापर्यंत आलो तेव्हा नाथानं माझ्या हातात कागद कोंबला. "हा गालाचा कागद," तो म्हणाला. "ह्याच्यापेक्षा बारीक नाय. आता जा काका, नाहीतर ह्या वर्षी गणपती बिनरंगाचे बसतील."

घरी नमितानं आतली खोली तयार केली होती. दारं बंद, शेगडीत निखारे, मधे सपाट काच आणि तिच्यावर कागद. तिनं नाकातोंडावर रुमाल बांधला, बोटांना रबरी टोप्या घातल्या आणि चकती कागदावर ठेवून इंग्रजी आठाच्या आकारात फिरवायला लागली. हळू, सारख्या जोरानं, मधेच चकती वळवून. एका बाजूला जोर पडला तर ती तिरकी होते.

"मी करू काय?" मी विचारलं.

"तुमच्या हाताला घाम आहे."

"मग शेगडी बघतो. आमच्या आगरात एकदा..."

"बाबा," ती मान वर न करता म्हणाली, "बोलू नका. बोलण्यात वाफ असते."

हौसानं एक शब्द न बोलता माझा पंचा घेतला आणि माझ्या तोंडावरून बांधून मागे गाठ मारली. गाठ जरा जास्तच घट्ट होती. एवढ्या वर्षांच्या संसाराचं उट्टं तिनं तेवढ्यात काढून घेतलं.

मी निखाऱ्यांना वारा घालत बसलो. दुपारी गावात बातमी फुटली आणि ओसरीवर माणसं जमली. आणि दाजी, ज्यानं अंगठा उमटवला तो दाजी, तिथे बसून गोष्ट सांगू लागला. माझी गोष्ट! दाराच्या फटीतून सगळं ऐकू येत होतं.

"मी त्याला सांगितला, जगन, हात लावू नको," दाजी म्हणत होता. "पन त्याना वाडगाभर मीठ कालवला आनि त्यात खिडकी भिजत टाकली, आंबोशी घालतात तशी."

भिजत! मी तिला फक्त खळबळली होती. आणि भज्यांचं नाव नाही! मी पंचाच्या आतून हुंकार दिला. नमितानं नुसतं बोट वर केलं. मी गप्प.

"बापरे," कोणीतरी बाहेर म्हणालं, "जगन आत हाय आनि आवाज नाय? दात काढला काय त्याचा?"

मला कबूल करायला हवं, दाजीनं गोष्ट बरी सांगितली. थांबायच्या जागा चुकल्या, पण लोक हसले. आणि मी, निखाऱ्यांपाशी, तोंड बांधून, पहिल्यांदा एका माणसाकडे नुसतं बघत बसलो. नमिताच्या कपाळावर घाम यायचा, तो चकतीवर पडू नये म्हणून ती मान मागे न्यायची, मनगटानं टिपायची, पुन्हा वाकायची. कंटाळा नाही, राग नाही, घाई नाही. मधे मधे चकती उजेडाला धरायची. आधी तिच्यातून फक्त उजेड-अंधार कळत होता. मग दार कळायला लागलं. मग दाराची कडी. ऊन कलायला लागलं तेव्हा तिनं दोन्ही चकत्या डबीत ठेवल्या आणि माझ्या पंचाची गाठ सोडली.

"आता बोला," ती म्हणाली. मी पंचाची घडी घालत बसलो.

सोमवारी लॅबमध्ये तिनं अल्कोहोल आणि पॉलिशची पूड घालून शेवटचा हात मारला. सगळी मिश्रणं नव्यानं बनवली, सगळे डोंगर नव्यानं मोजले. संध्याकाळी घरी आली तेव्हा चेहरा उतरलेला. चकत्या आरपार दिसत होत्या, पण पूर्वीसारख्या नाहीत, जराशी धुरकट झाक राहिलीच. आणि दुसरं म्हणजे, सुरभी मॅडमनी सुचवलं होतं, तपासनिसांनी विचारलं तर सांग, पावसाळी हवेनं खिडक्या खराब झाल्या. कोण कशाला खोलात जातंय.

"बरोबर हाय," मी म्हणालो. "मी तुला देतो ना बनवून. वीज गेली, पागोळी गळत होती..."

"गोष्ट नको, बाबा."

"अगो, पण खरं सांगितलंस आनि सही गेली तर?"

ती ताटातला भात एका बाजूला करत होती. "सही म्हणजे काय, बाबा? मी लिहिलंय ते खरं आहे, एवढंच ना. ती मागायला जायचं आणि पहिल्याच प्रश्नाला खोटं बोलायचं?"

ती उठून गेली. हौसा माझ्याकडे बघत राहिली. मी पाणी प्यायलो.

मंगळवारचं मी पाहिलेलं नाही. सुरभी मॅडमनी नंतर सांगितलं तेवढंच सांगतो, म्हणून इथे रंग कमी आहे. तपासनीस वयस्क गृहस्थ, हसणं ठाऊक नसलेले. त्यांनी कागद चाळले आणि विचारलं, "आधी मोजलेली मापं बाद करून कालच नवी का काढली?"

"खिडक्या खराब झाल्या होत्या. घासून पॉलिश केल्या. मग जुन्या मापांवर विश्वास ठेवता आला नसता."

"खराब कशानं झाल्या?"

"वीज बंद होती म्हणून घरी नेल्या होत्या. तिथे धुतल्या गेल्या. खाऱ्या पाण्यात."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "खाऱ्या पाण्यात? कोणी?"

"सासऱ्यांनी. ते मिठागरातले आहेत. तिकडे मीठ तसंच धुतात."

गृहस्थांनी चकत्या मागून घेतल्या, भिंगातून पाहिल्या, आणि बरंच काही लिहून घेतलं. मॅडम म्हणाल्या, तेव्हाच वाटलं, संपलं. मग त्यांनी आपल्या बॅगेतली बाटली काढून नमितापुढे ठेवली.

तिनं नमुना भरला. पडद्यावर रेष उमटली, डोंगर वर आला. पण धुरकट खिडकीमुळे सगळी रेषच जराशी उचललेली, तिरकी. गृहस्थांनी बोट ठेवलं. "हे काय? तुमचा आकडा फुगणार."

"नाही फुगणार," नमिता म्हणाली. "जमीन वर आलीय, डोंगर नाही वाढला. मी उंची पायथ्यापासून घेते. दोन्ही बाजूंचे पायथे जोडायचे आणि तिथून शिखरापर्यंत मोजायचं. कालची सगळी मिश्रणंही ह्याच खिडक्यांतून, तशीच मोजलीत."

तिनं बाटलीतलं आणखी दोनदा भरून मोजलं. तिन्ही आकडे शेजारी शेजारी बसले. तिनं लिहिलं, सहा पूर्णांक नऊ टक्के. गृहस्थांनी खिशातलं पाकीट फाडलं. आत सात लिहिलेलं होतं. तेवढा फरक चालतो, मॅडम म्हणाल्या, तेवढा नेहमीच असतो.

तरी त्यांनी हो म्हटलं नाही. निकाल कळवू म्हणाले आणि गेले. ते दिवस आमच्या घरात फार शांत गेले. मी कोणाच्या ओसरीवर गेलो नाही. दाजी दोनदा हाक मारून गेला.

पुढच्या आठवड्यात कळलं. सहीचा हक्क नमिताला मिळाला. सोबत एक शेराही होता: मोजणीच्या साहित्याचा कोणताही भाग आवाराबाहेर नेऊ नये. त्याप्रमाणे लॅबच्या दारावर पाटी लागली. गावात मी सांगतो की रोह्यात माझ्यामुळे एक नियम झाला. खोटं काय आहे त्यात?

मॅडम गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी नमिता डबा घरी विसरली. मी तो घेऊन रोह्याला गेलो. फाटकाशी भरलेला टँकर उभा होता आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. वॉचमननं मला लॅबच्या खिडकीपर्यंत जाऊ दिलं. ही खिडकी साध्या काचेची. आत नमिता मशीनसमोर. तिनं नमुना भरला, मोजला. पुन्हा भरला, मोजला. दोन आकडे जुळले नसावेत, कारण तिनं चकत्यांची चौकट सोडवली, पुसली, आणि नमुना तिसऱ्यांदा भरायला घेतला.

"अवो म्याडम!" ड्रायव्हर फाटकातून ओरडला. "पाऊस येतोय, घाट चढायचाय मना! सही करा ना एक!"

तिनं मान वर केली नाही. हॉर्न पुन्हा वाजला. मला वाटलं, करून टाक बाय, कोण बघतंय. ती पडद्याकडे बघत राहिली. मग आणखी एकदा मोजलं. मग कागद ओढला, वाचला, शेवटी खाली सही केली. साधी, शाळेतल्या अक्षरात, पूर्ण नाव.

टँकर गेला. मी दाराशी जाऊन पाटीच्या अलीकडे उभा राहिलो.

"कसं वाटलं गो?" मी विचारलं.

"तिथेच थांबा, बाबा," ती बोटांच्या टोप्या काढत म्हणाली. "आत येऊ नका. डबा कुठाय? केव्हाची भूक लागलीय."